बालमृगया योजनेतील एक अडचण

बेल लेकच्या सरकारी रानात हरणे फार झाली आहेत, हे मान्य करायला टॅमरॅक काउंटीच्या उद्यान समितीने बरीच वर्षे घेतली. तोवर हरणांनी पाइनची रोपे संपवली, सीडरची साल सोलून खाल्ली आणि कुंपण ओलांडून ग्रंथालयापुढची फुलझाडेही साफ केली. तरीही हरणे जास्त नसून रान कमी आहे, असेच समितीचे मत होते. मग मे महिन्यात समितीचे अध्यक्ष डेल ब्रॅकेट यांच्या अंगणातले ट्यूलिप मुळासकट नाहीसे झाले, आणि पुढच्याच बैठकीत प्रश्न तातडीचा ठरला.

उपाय उघड होता: शिकार. पण त्या रानात एका पिढीपासून बंदूक वाजलेली नव्हती. प्रौढांना परवानगी द्यावी, तर प्रभातफेरी मंडळ म्हणे की गोळ्यांच्या आवाजाने आमच्या मनःशांतीला तडा जातो. तरबेज शिकारी बाहेरून बोलवावेत, तर तशी तरतूद नव्हती. बैठक नेहमीप्रमाणे कॉफी आणि केक संपण्याच्या बेताला आली, तेव्हा व्हर्ना स्कोगलंड बोलली.

व्हर्नाने आयुष्यभर शाळेचे स्वयंपाकघर चालवले होते आणि निवृत्तीनंतर ती समितीवर आली होती. बारा वर्षांची असताना तिच्या बापाने तिला पहिल्यांदा मचाणावर नेले होते. अख्खी सकाळ तो एक शब्दही बोलला नाही आणि निघताना त्याने फक्त तिच्या पाठीवर थाप मारली. त्या सकाळइतके आपल्याला कोणी कधी मोठ्या माणसासारखे वागवले नाही, असे तिला अजून वाटे. ती म्हणाली, हे काम मुलांना द्या. मोजकी मुले, सोडत काढून, प्रत्येकासोबत एक मोठे माणूस.

मुलांच्या नावाने मांडलेल्या ठरावाला विरोध करायला जे धैर्य लागते ते समितीत कोणाकडेच नव्हते. ठराव एकमताने पास झाला. डेल ब्रॅकेट यांनी त्याला 'बालमृगया योजना' असे भारदस्त नाव दिले आणि नियम करायला एक उपसमिती नेमली. तिचे अध्यक्षही तेच झाले.

मूळ नियम साधे होते. मूल बारा ते पंधरा वयाचे हवे, त्याने बंदुकीच्या सुरक्षेचा वर्ग केलेला हवा आणि सोबतच्या मार्गदर्शकाने बंदूक बाळगायची नाही. उपसमितीने त्यात फक्त मानवी दृष्टिकोन घातला. मूल दमल्यास मार्गदर्शकाला बंदूक धरता येईल. मूल भांबावल्यास त्याला नेमही धरता येईल. मुलाला थंडी वाजत असल्यास त्याच्या विनंतीवरून चापही ओढता येईल, आणि बोलता येण्याजोगी परिस्थिती नसल्यास विनंती झालीच असे समजण्यात येईल. व्हर्नाने एवढेच एक कलम हट्टाने घालून घेतले की गोळी सुटेल तेव्हा मूल मचाणावर, मार्गदर्शकाच्या हाताच्या अंतरावर असलेच पाहिजे. याला कोणी हरकत घेतली नाही. मूल काय, कुठेही ठेवता येते.

नियम प्रसिद्ध झाले आणि काउंटीत वात्सल्याची लाट आली.

याचे कारण पाद्रीबुवा. बेल लेकच्या फाटकापाशी संध्याकाळी एक नर हरीण चर्चमधून निघाल्यासारखे गंभीरपणे चालत येई, त्याला सगळे पाद्रीबुवा म्हणत. शिंगांना जितकी टोके, तितका शिकाऱ्याचा मान; त्याच्या शिंगांसाठी गावातली अर्धी पुरुषमंडळी कित्येक वर्षे कुंपणाबाहेर गाडी लावून सुस्कारे टाकत होती. आता त्या कुंपणाच्या आत जायचा एकच मार्ग होता, आणि तो बारा ते पंधरा वयाचा होता.

ज्यांनी पुतण्याचे तोंड बाप्तिस्म्यानंतर पाहिले नव्हते, ते त्याच्या फुटबॉलच्या सामन्यांना हजर राहू लागले. गावच्या दंतवैद्याला आपली एक भाची अॅरिझोनात असल्याचे आठवले आणि त्याने तिला विमानाने आणवली. एका मिशीवाल्या तरुणाने मिशी उतरवून अर्ज केला. मुलेही काही दूधखुळी नव्हती. पियानोच्या शिकवण्या बंद पडल्या, गणितातले शेरे कोणी मनावर घेईना. एका पोराने तर घरात कुत्रा आल्याशिवाय अर्जावर सही करणार नाही असे सांगितले आणि आठवडाभरात दोन कुत्रे मिळवले. अर्ज मोजले तेव्हा ते काउंटीतल्या मुलांपेक्षा जास्त भरले. डेल ब्रॅकेट यांनी याबद्दल समाधान व्यक्त केले. तरुण पिढी निसर्गाकडे वळते आहे, असे ते म्हणाले.

सोडत अग्निशमन केंद्रात झाली. कोणी बोट दाखवू नये म्हणून ती निष्पाप हाताने काढायची ठरली आणि चर्चच्या पाळणाघरातून एक दीड वर्षाचे बाळ आणण्यात आले. बाळाने पहिली चिठ्ठी उचलली आणि खाल्ली. यावर नियम नव्हता. चर्चेअंती ती चिठ्ठी 'पात्र परंतु अनुपलब्ध' ठरवून पुढे जाण्यात आले. बाळाचे पोट भरेपर्यंत आणखी दोघे अनुपलब्ध झाले. उरलेल्यांतून बारा नावे निघाली आणि लोक टाळ्या वाजवून घरी गेले.

पण बारा मुलांना बारा मचाणे लागतात. प्रभातफेरी मंडळाने पायवाट मोकळी मागितली. पक्षीनिरीक्षकांनी तळ्याचा काठ मागितला. कुत्री फिरवणाऱ्यांनी काही मागितले नाही, पण तुम्ही आम्हाला विचारलेदेखील नाही असे दुखावलेले पत्र दिले, त्यामुळे त्यांना सर्वांत मोठा तुकडा मिळाला. प्रत्येकापासून सुरक्षित अंतर सोडून नकाशावर रेघा मारल्या तेव्हा रानात एका मचाणापुरती जागा उरली. बारा जणांची पुन्हा सोडत काढावी लागली. या वेळी बाळाला आधी जेवू घातले होते.

नाव निघाले टिली नायबर्गचे.

टिली बारा वर्षांची. तिची आई रोंडा वृद्धाश्रमात परिचारिका होती आणि बाप खूप पूर्वीच ओरेगॉनला निघून गेला होता. एवढ्या अर्जांमध्ये स्वतःच्या हाताने भरलेला अर्ज बहुधा तिचा एकटीचाच होता. सुरक्षेच्या वर्गात व्हर्नाने तिला पाहिले होते. ती प्रश्न विचारी, उत्तर नीट ऐकून घेई आणि कागदी हरणावर सगळ्यांत शेवटी, पण सगळ्यांत नेमकी गोळी मारी. निकाल कळल्यावर ती सायकलवरून थेट व्हर्नाच्या दारात आली.

"मिसेस स्कोगलंड, आईला शनिवारी सुट्टी नाहीये. आणि तिला बंदुकीची भीतीच वाटते. तुम्ही याल का माझ्याबरोबर?"

व्हर्ना लगेच हो म्हणाली. रात्री तिने जुनी लोकरी विजार पेटीतून काढून उन्हाशिवायच दोरीवर टाकली, इतकी ती हरखली होती.

दुसऱ्या दिवशी समितीने कळवले की समितीच्या सदस्याला मार्गदर्शक होता येणार नाही, कारण त्यात हितसंबंध येतो. व्हर्नाने तिथल्या तिथे राजीनामा लिहून दिला. राजीनामा मंजूर करायला बैठक लागते आणि पुढची बैठक शिकारीनंतर होती. शिवाय आदल्या दिवसापासूनचा नातलगांचा ओघ पाहता मुलीला मार्गदर्शकांची वाण नव्हती.

ते खरेच होते. पावसानंतर अळंबी उगवावीत तसे टिलीचे नातलग उगवले होते. तिथल्या भाषेत काका, मामा, मावसा, आतोबा या सगळ्यांना एकच शब्द पुरतो, त्यामुळे कोणाला खोटेही बोलावे लागले नाही. समितीने त्यांच्या मुलाखती ठेवल्या आणि पारदर्शकतेसाठी प्रश्न टिलीने विचारावेत असे ठरले. तिने सगळ्यांना एकच प्रश्न विचारला.

"टिली हे लाडाचं नाव आहे. माझं खरं नाव काय?"

बहुतेकांनी डेल ब्रॅकेट यांच्याकडे पाहिले. एकाने विचार करायला मुदत मागितली. शेवटी आला लाइल पीटर्सन, होड्यांच्या दुकानाचा मालक आणि रोंडाच्या चुलतबहिणीचा नवरा. शिंगे टांगायला त्याने बैठकीच्या खोलीतली भिंत आधीच रंगवून घेतली होती.

"टिफनी," तो मायेने म्हणाला.

"मटिल्डा," टिली म्हणाली.

उत्तर चुकले होते, पण काही अक्षरे जुळत असल्याने लाइलला सर्वाधिक गुण पडले आणि तो टिलीचा जवळचा नातलग म्हणून घोषित झाला. व्हर्ना फार चिडली. तिची समजूत काढण्यासाठी तिला निरीक्षक नेमण्यात आले. निरीक्षकाने मागे राहायचे आणि बोलायचे नाही.

ऑक्टोबरचा तो शनिवार कडाक्याचा थंड उजाडला. गवतावर दंव होते आणि तळ्यावर वाफ. मचाणापाशी पोचल्यावर व्हर्ना थबकली. मचाण दोघांपुरते होते, पण मधल्या काळात एकेकाची हजेरी आवश्यक ठरत गेली होती. वर लाइल होता. डेल ब्रॅकेट सक्षम प्राधिकारी म्हणून होते. विमा कंपनीचा माणूस होता. प्रभातफेरी मंडळाची प्रतिनिधी मनःशांती मोजायला आली होती आणि वर्तमानपत्राचा छायाचित्रकार फळीच्या टोकावर एका पायावर उभा होता. सगळे नारिंगी जाकिटात. दुरून पाहणाऱ्याला झाडाला भोपळे लगडलेत असेच वाटले असते.

टिली शिडी चढू लागली तेव्हा विमावाल्याने हात आडवा केला. मचाणाची क्षमता भरली होती. अजून एक माणूस चढला तर विमा लागू राहणार नव्हता.

"पण ही तर..." व्हर्नाच्या तोंडून निघाले.

"निरीक्षक बोलत नाहीत, व्हर्ना," डेल वरून हळूच म्हणाले.

कोणीतरी उतरावे अशी सूचना कुजबुजत फिरली. प्रत्येकाने ती मनापासून उचलून धरली आणि शेजाऱ्याकडे पाहिले. टिलीला थंडी वाजत असेल, असे लाइलला वाटले. तेव्हा नियमाप्रमाणे त्याने वरूनच तिची बंदूक मागून घेतली. टिलीने ती सुरक्षेच्या वर्गात शिकवल्याप्रमाणे आधी रिकामी केली, नळी दुसरीकडे वळवून त्याच्या हातात दिली, गोळ्या वेगळ्या दिल्या आणि शिडीच्या पायाशी सीडरच्या खोडाला टेकून बसली. व्हर्ना तिच्या शेजारी बसली. वर फळ्या करकरत होत्या.

उजेड फुटता फुटता पाद्रीबुवा आले.

ते मचाणासमोर आले नाहीत. मागून, सीडरच्या आडून, दंवावर पाऊल न वाजवता आले आणि टिलीपासून एका गाडीच्या लांबीवर थांबले. नाकपुड्यांतून वाफ निघत होती. टिली हलली नाही. हरणाने मान खाली घातली, मुलीच्या बुटाच्या दिशेने हवा हुंगली आणि तिच्याकडे एकटक पाहत राहिले.

वर लाइलने वळून नेम धरला होता. पण हाताच्या अंतरावर मूल नव्हते.

"टिली," तो घशातल्या घशात म्हणाला, "बाळ, वर ये. हळूच."

"क्षमता," विमावाला म्हणाला.

"मग एकाला उतरवा."

"उतरलो तर हलेल सगळं. पळेल ते," डेल म्हणाले.

विनंती झाली असे समजता येते, तसे मूल मचाणावर आहे असेही समजता येईल का, असा मुद्दा डेल ब्रॅकेट यांनी मांडला. विमावाल्याने तो लेखी मागितला. प्रभातफेरीच्या बाई म्हणाल्या की त्यांची मनःशांती याक्षणी अत्यंत नाजूक आहे. लाइलने खाली पाहिले, आणि शेवटी त्याच्या आवाजातली माया गेली.

"टिफनी, वर ये म्हणतो ना."

टिलीने व्हर्नाकडे पाहिले. निरीक्षकाला बोलायची मनाई होती, म्हणून व्हर्नाने फक्त आपला हातमोजा काढून उघडा हात तिच्या हातावर ठेवला. टिली बसून राहिली.

हरणाने एकदा वर, भोपळ्यांकडे पाहिले. मग अजिबात घाई न करता ते वळले आणि कुत्री फिरवण्यासाठी राखलेल्या, शिकारीस सक्त मनाई असलेल्या तुकड्यात निघून गेले. त्याच क्षणी छायाचित्रकाराचा पाय घसरला आणि मचाणावरची सगळी मंडळी एकमेकांना धरत, आपापला हुद्दा सांगत, खालच्या फांदीपर्यंत आली. बंदुकीत गोळी भरलेलीच नव्हती. गोळ्या लाइलच्या खिशात होत्या. घाईत ते कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

अहवालात योजना पूर्ण यशस्वी ठरली. अपघात शून्य, तक्रारी शून्य, हरणे शून्य. वर्तमानपत्रात मचाणाचे छायाचित्र आले, 'नव्या पिढीची निसर्गाशी भेट' अशा मथळ्याखाली. त्यात डेल होते, लाइल होता. चौकट भरल्यामुळे शिडीचा पाया कापला गेला होता.

पुढच्या बैठकीत त्रुटींचा आढावा घेतला गेला. योजनेत वारंवार अडथळा आणणारी बाब एकच आढळली, ती म्हणजे मूल. त्याला जागा लागते, त्याची वाट पाहावी लागते आणि ऐन वेळी ते सांगितलेले ऐकत नाही. तेव्हा बालमृगया योजना पुढेही चालू ठेवावी, मात्र बालकाची उपस्थिती ऐच्छिक करावी, नाव पुरेसे आहे, असा ठराव आला. व्हर्नाचा राजीनामा त्याच बैठकीत, नेमका या विषयाच्या आधी, आभारपूर्वक मंजूर झाला होता. ठराव एकमताने पास झाला.

व्हर्ना आता रिकामी असते. सकाळी ती गावच्या उपाहारगृहात पॅनकेक खायला जाते, तेव्हा त्या शनिवारची हकीकत तिला कोणी ना कोणी सांगायला लावतेच. लोक खाणे थांबवून ऐकतात, डेल फांदीवर लोंबकळले तिथे टेबलावर थापा मारून हसतात, आणि शेवटी चमचा रोखून सगळे तोच एक प्रश्न विचारतात: शिंगांना टोके किती होती?

इतक्या जवळून त्या मुलीने काय पाहिले, हे अजून तिला कोणी विचारलेले नाही. तुम्हीही, खरे सांगा, टोकेच मोजत होतात.