तपासनीस पोकर सोडतात

रविवारची जेवणं झाली, भांडी झाली, तरी तपासनिसांनी बूट घातले नाहीत, तेव्हाच भूगोलाच्या बाईंना शंका आली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून त्यांचा नवरा दर रविवारी दुपारी बेकरीच्या मागच्या खोलीत पोकर खेळायला जाई आणि दिवेलागणीला परत येई. मधला वेळ बाईंचा. त्या वेळात बाई काहीही करत नसत. म्हणजे खरोखरच काहीही नाही. सोफ्यावर आडव्या होऊन छताकडे बघत. आठवडाभर वर्गात घसा फोडल्यावर ही चार-पाच तासांची शांतता त्यांना औषधासारखी लागू पडे.

"अहो, निघायचं नाही का?"

"नाही. मी पोकर सोडलं."

तपासनीस इमारतींच्या लिफ्ट तपासत. त्यांनी सही केल्याशिवाय लिफ्ट हलत नसे आणि खात्री पटल्याशिवाय ते सही करत नसत. "एकदा हरणं म्हणजे नशीब," ते म्हणाले. "दोनदा हरणं म्हणजे योगायोग. सात महिने हरणं म्हणजे यंत्रात बिघाड. बिघाड सापडत नसेल तर यंत्र बंद ठेवायचं."

त्या डावात कुणाचं दिवाळं निघत नसे. बेकरीतली तुटकी, विकता न येणारी बिस्किटं लावून खेळ चाले. फक्त शेवटी ज्याच्यापुढे सगळ्यात कमी बिस्किटं, त्याने बेकरीचे तुपकट ट्रे घासायचे. सात महिने ते ट्रे तपासनीसच घासत होते. लिफ्टच्या साखळ्या हाताळून राठ झालेले त्यांचे हात आता नवरीमुलीसारखे मऊ झाले होते.

'सोडा ते पोकर' असं बाई इतकी वर्षं म्हणत आल्या होत्या. त्यामुळे आता त्यांना "बरं केलंत" म्हणणं भागच होतं. त्या म्हणाल्याही. पण तपासनीस सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसून घराकडे ज्या नजरेने बघू लागले, ती नजर बाईंना बरी वाटली नाही.

त्या दिवशी स्वयंपाकघरातली फळी उतरली. भिंतीतले खिळे भरवशाचे नाहीत, असा निकाल लागला होता. डबे जमिनीवर आले. पुढच्या रविवारी कपाट, कपडे वाळत घालायची दोरी आणि सोफा यांची तपासणी झाली आणि प्रत्येकावर एकेक पट्टी चिकटली. सोफ्यावर लिहिलं होतं : 'कमाल दोन माणसे. आडवे होण्यास मनाई.'

"अहो, सोफ्यावर आडवं नाही व्हायचं तर कुठे व्हायचं?"

"मधली स्प्रिंग गेलीय. तू इतकी वर्षं त्यावर कशी वाचलीस, याचंच मला आश्चर्य वाटतं."

इथपर्यंत बाईंनी सोसलं. पण तिसऱ्या रविवारी त्या भाजी आणायला गेल्या असताना तपासनिसांनी नकाशांना हात घातला. शाळेत कपाट नव्हतं म्हणून वर्गातले नकाशे बाई घरी ठेवत. खंडवार लावलेले, गुंडाळ्यांवर चिठ्ठ्या अडकवलेल्या. तपासनिसांनी धूळ बसते म्हणून चिठ्ठ्या काढल्या आणि सगळ्या गुंडाळ्या उंचीप्रमाणे उभ्या केल्या. विज्ञानाच्या बाईंनी कडा शिवायला दिलेले दोन तक्तेही त्यातच गेले.

सोमवारी बाईंनी नववीच्या वर्गात आफ्रिका म्हणून एक गुंडाळी फळ्यावर टांगली आणि तोंड वर्गाकडेच ठेवून, छडी मागे टेकवून सांगितलं, "ही बघा नाईल. जगातली सगळ्यात लांब नदी. कशी वळणं घेत घेत जाते!"

वर्गात हशा पिकला. बाईंनी वळून बघितलं. छडी माणसाच्या लहान आतड्यावर होती. दारात मुख्याध्यापिका उभ्या होत्या.

"बाई," त्या शांतपणे म्हणाल्या, "ही नदी पुढे कुठे जाऊन मिळते, ते सांगू नका म्हणजे झालं."

शाळा सुटली तशा बाई घरी न जाता तडक बेकरीत शिरल्या. मागच्या खोलीत बेकरीवाला, दातांचे डॉक्टर आणि बाईंचा धाकटा भाऊ असे तिघेही तोंड पाडून बसले होते. मध्ये ट्रेंचा ढीग होता.

"ताई, बरी आलीस," भाऊ म्हणाला. "भावजींना परत पाठव गं. ते गेल्यापासून ट्रे कुणी घासायचे यावरून आमची दर रविवारी जुंपतेय. कालचे अजून तसेच पडलेत."

"माझे हात रोग्यांच्या तोंडात जातात," डॉक्टर म्हणाले. "मी ट्रे घासणार नाही."

"ते हरायला परत येणार नाहीत," बाईंनी सांगितलं. "त्यांना जिंकवा."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. बेकरीवाल्याने सुस्कारा सोडला. "वहिनी, तुम्हाला वाटतं तितकं ते सोपं नाही. साहेबांना चांगले पत्ते आले की ते लगेच चष्मा काढून पुसतात. ते बघून आम्ही पत्ते टाकून डावातून बाहेर पडतो. मग चांगल्या पत्त्यांवर त्यांना मिळतं काय, तर अर्धं बिस्किट. आणि पत्ते वाईट असले की ते स्वतःच टाकून देतात. हातात काही नसताना आहे असं भासवायची थाप म्हणून मारायची नाही."

"मग ते चष्मा पुसतील तेव्हा तुम्ही पत्ते टाकू नका. एवढं साधं आहे!"

"साधं?" डॉक्टर म्हणाले. "बसा, दाखवतो."

बाईंना खेळ समजावा म्हणून चार-सहा डाव मांडले गेले. तिसऱ्याच डावात बाईंनी डॉक्टरांकडे रोखून बघितलं. "तुमच्याकडे काही नाहीये."

डॉक्टर गोरेमोरे झाले. "कशावरून?"

"गृहपाठाची वही घरी राहिली म्हणणारी पोरं अशीच माझ्या डोळ्यांत डोळे घालून बघतात. पुढचं बोला. रविवारचं ठरलं ना?"

ठरलं. भाऊ घरी आला आणि पडेल चेहऱ्याने म्हणाला, "भावजी, इतकी वर्षं खेळलात, असे न सांगता कसे जाता? निरोपाचा एक डाव तरी खेळा." निरोप समारंभाला नाही म्हणणं तपासनिसांच्या शिष्टाचारात बसत नव्हतं. रविवारी त्यांनी बूट घातले. पाव घ्यायच्या निमित्ताने बाईही बरोबर गेल्या आणि मागच्या खोलीत कोपऱ्यातल्या पिठाच्या पोत्यावर टेकल्या.

पहिल्या डावात तपासनिसांनी चष्मा काढून पुसला. बाईंचा जीव भांड्यात पडला. ठरल्याप्रमाणे कुणीही पत्ते टाकले नाहीत, उलट सगळ्यांनी बिस्किटं वाढवली. तपासनिसांचा हात चष्म्यावरच थांबला.

"तिघेही थांबलात? कधी नव्हे ते?" त्यांनी एकेकाकडे निरखून बघितलं. "काहीतरी काळंबेरं आहे." आणि हातातले तीन राजे त्यांनी टाकून दिले.

त्यानंतर तर कहरच झाला. बेकरीवाला हरण्यासाठी हातातले चांगले पत्ते बदलून घेई आणि त्याला त्याहून चांगले येत. मुद्दाम जोडी मोडली तर पाचही बदाम आले. "मी काय करू?" तो बाईंकडे बघून रडवेला पुटपुटला. "देवाशप्पथ, मी काही करत नाहीये!" तासाभरात त्याच्यापुढे बिस्किटांचा डोंगर झाला आणि तपासनिसांपुढे चुरा उरला.

बाईंनी भावाला डोळ्यांनी खुणावलं. भावाने शेवटचा इलाज म्हणून पत्ते टेबलाखाली नेले आणि असे लावले की भावजींच्या वाट्याला चार एक्के यावेत. आता त्यांना शंका येवो नाहीतर काही येवो, चार एक्के कुणी टाकत नाही. तो वाटायला सुरुवात करणार, तोच तपासनीस उठून उभे राहिले.

"ही खुर्ची डुगडुगतेय. मागचा डावा पाय. डॉक्टर, तुम्ही वजनाने हलके आहात, तुम्ही इथे बसा. मी तुमच्या जागी बसतो."

"अहो, आता कशाला? डाव होऊ दे ना!" बाई ओरडल्या.

"अपघात काय विचारून होतो?"

जागा बदलल्या. भावाच्या कपाळावर घाम फुटला, पण लावलेले पत्ते आता पुन्हा पिसायचे तरी कोणत्या कारणाने? त्याने वाटले. डॉक्टरांनी आपले पत्ते उचलले, मोजले आणि पुन्हा मोजले. चाळीस वर्षांत त्यांच्या हातात चार एक्के एकदाही आले नव्हते.

तपासनिसांनी आपले पत्ते बघितले. चष्मा पुसला नाही. म्हणजे हातात कचरा. पण आज निरोपाचा दिवस होता, आणि माणसाच्या मनाची लिफ्ट कधी कुठल्या मजल्यावर थांबेल, सांगता येत नाही. त्यांनी पुढ्यातली सगळी बिस्किटं, चुऱ्यासकट, मध्ये लोटली.

"सगळी!"

थाप! तपासनिसांनी आयुष्यात पहिल्यांदा थाप मारली होती आणि ती आंधळ्यालाही दिसली असती. भावाने हातातले पत्ते टाकले. बेकरीवाल्याने आपले पत्ते इतक्या घाईने फेकले की दोन खाली पडले. राहिले डॉक्टर. ते पत्त्यांकडे बघत होते, तान्ह्या बाळाकडे बघावं तसे.

"डॉक्टर," पोत्यावरून बाईंचा आवाज आला. नववी ब ज्या आवाजाला चळाचळा कापत असे, तोच हा आवाज. "काय करताय?"

"वहिनी... एकदाच... पुन्हा या जन्मात..."

"डॉक्टर!"

डॉक्टरांनी डोळे मिटले आणि चार एक्के पालथे घातले.

"जिंकलो!" तपासनीस खुर्चीवरून उसळले. त्यांनी पत्ते उलटे केले. पाच पत्ते, एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. "थाप होती! बघितलंत? निव्वळ थाप! डॉक्टर, तुमच्याकडे काय होतं, दाखवा बघू."

डॉक्टरांनी पत्त्यांकडे हात नेला. पण बाई पोत्यावरून उठून टेबलापाशी पोचल्याही होत्या. त्यांनी सगळे पत्ते गोळा करून झपाझप पिसून टाकले. "काय असणार? तुमच्यापुढे टिकण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तर टाकले. हो ना, डॉक्टर?"

"हो," डॉक्टर म्हणाले आणि रुमालात नाक शिंकरू लागले.

तपासनिसांची छाती गजभर झाली होती. बाई मनात म्हणाल्या, सुटले एकदाची. पुढच्या रविवारी सोफ्यावरची ती पट्टी खरवडून काढायची.

"मित्रांनो," तपासनीस खाकरून म्हणाले, "मी हरून चाललो होतो ते बरं नव्हतं. आता शिखरावर आहे. शिखरावर असतानाच माणसाने खाली उतरावं. पोकर आजपासून कायमचं बंद!"

बाई पुन्हा पोत्यावर बसल्या.

"पण भावजी, मग आम्हाला चौथा गडी?" भाऊ कळवळून म्हणाला.

तपासनीस विजयी माणसाच्या उदारपणाने हसले. त्यांनी तिघांना बाजूला घेतलं आणि बायकोला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाले, "हिला घ्या. हिला यातलं ओ की ठो कळत नाही. तुमच्या ट्रेंची काळजी मिटली."

दुसरं कुणी असतं तर अपमान वाटला असता. बाईंनी मान खाली घालून "तुम्ही म्हणताय तर बघते प्रयत्न करून" एवढंच म्हटलं.

तेव्हापासून रविवारी दुपारी बाई घरात नसतात. तपासनीस एकटेच असतात आणि मन लावून जिन्याचे कठडे तपासतात. दिवेलागणीला बाई परत येतात, तेव्हा हातात बिस्किटांची फुगलेली पिशवी असते.

"आज काय झालं?" तपासनीस विचारतात.

"काय होणार? तेच," बाई म्हणतात आणि सोफ्यावर अंग टाकतात.

तपासनीस त्यांच्या शेजारी बसतात. पिशवीत हात घालून एक बिस्किट तोंडात टाकतात, आणखी एक घेतात, आणि मायेने म्हणतात, "मनाला लावून घेऊ नकोस. बेकरीवाला मनाचा मोठा आहे, हरणाऱ्यालासुद्धा रिकाम्या हाताने पाठवत नाही."

"फार मोठा आहे," बाई म्हणतात. "गेल्या रविवारपासून ट्रेसुद्धा स्वतःच घासतो."