खिडकीचा हंडा

यशोधराचा हंडा सापडत नव्हता, आणि तो कुठे आहे हे ज्याला पक्कं ठाऊक होतं तो माणूस तिच्यासमोरच बसून भाकरी खात होता.

"शेजारच्या सारजाबाईनंच नेला," यशोधरा म्हणाली. "माज्या लग्नापासनं तिचा डोळा हाय त्यावर."

"आसंल," तिचा नवरा पोपट म्हणाला. त्याला आणखी कालवण हवं होतं, पण मागायचं धाडस झालं नाही.

"आसंल काय आसंल? उद्या नळावर सगळ्यांम्होरं इचारते का न्हाई बघा."

हंडा पितळेचा होता. यशोधराच्या आईने तो नारायणगावच्या बाजारात घेऊन डोक्यावरून घरी आणला होता, आणि त्याच्या पोटावर दुकानदाराकडून ठिपक्या-ठिपक्यांनी 'चि. यशोधरा हिस आईकडून' असं कोरून घेतलं होतं. आता आई राहिली नव्हती. तिचा फोटो कोणी काढला नव्हता. यशोधरा हंडा चिंचेने घासायला बसली की पहिल्यांदा अक्षरं घासायची, मग बाकीचा हंडा.

पोपटचं बोरी बुद्रुकला मोटरी रिवायंडिंग करायचं दुकान होतं. हाताने तो तांब्याची तार गुंडाळत असे आणि डोक्यात भलतंच काही गुंडाळत असे. गावात केबल नुकतीच आली होती. एका रात्री त्याने टीव्हीवर पाठीला टाक्या बांधून समुद्राच्या तळाशी फिरणारी माणसं पाहिली आणि तो म्हणाला, "ह्यात काय आवघड हाय?" मागे घरातला मिक्सर कडबाकुट्टीला जोडला गेला तोही याच वाक्यानंतर. यशोधराने तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

त्याच आठवड्यात कुंडलिकची मोटर विहिरीत पडली. साखळी तुटली आणि पाच हॉर्सपॉवरची मोटर तळाला जाऊन बसली. एका दमात बुडी मारून मोटरी काढणारा भागू लेकीकडे तळेघरला गेला होता. तिकडे एसटी मनात आलं तर येते, त्यामुळे निरोप पोचला की नाही तेही कळेना. इकडे कुंडलिकच्या टोमॅटोची फुलं गळायला लागली. कुंडलिक बायकोवर ओरडला, बैलांवर ओरडला, कॉलेजात जाणाऱ्या धाकट्या भावावर, अमृतवर ओरडला, आणि ओरडायला कोणी उरलं नाही तेव्हा पोपटच्या दुकानात आला.

"मी उतरतो," पोपट म्हणाला. "सामान मी बनवतो."

सामान बनलं. हंडा उपडा करून डोक्यात घालायचा, म्हणजे तोंडाचा काठ खांद्यावर टेकतो. बुडाला भोक पाडून त्यात हवेची नळी डाकलेली. डोळ्यांसमोर खिडकी कापून तिला एमसीलने काच बसवलेली. विहिरीच्या काठावर मधोमध टेकवलेलं फळकूट, फळकुटाच्या दोन टोकांना ट्रकच्या चाकात हवा भरायचे दोन हातपंप. एकाने खाली दाबलं की दुसरा वर जातो आणि नळीतून हवा सुटते. पंप चालतोय तोवर हवा पाण्याला हंड्याबाहेर ठेवणार. पंप थांबला की पाणी आत चढणार. हंड्याला पोपटने मोटरींचा हिरवा रंग दिला होता.

"गंज चढाया नगं म्हून," तो म्हणाला.

पितळेला गंज चढत नाही हे कुंडलिकला माहीत होतं. पण त्याची फुलं गळत होती.

पहिल्या खेपेला पोपट बुडालाच नाही. हवेने भरलेला हंडा त्याला भोपळ्यासारखा वर काढी, आणि हिरवं डोकं काठावरच्यांकडे काचेतून रागाने बघे. मग हंडा काखेतून पट्टे घेऊन छातीशी करकचून बांधला आणि कंबरेला किराणा दुकानातली वजनं अडकवली. दोरीची खूण ठरली. एक हिसका म्हणजे हवा वाढवा, दोन म्हणजे वर ओढा. या खेपेला पोपट नवी साखळी हातात घेऊन सरळ तळाला गेला.

एका पंपावर कुंडलिक, दुसऱ्यावर अमृत. वरून कुंडलिकची म्हातारी आई ठमाबाई बघत होती. थोड्याच वेळात अमृतच्या हाताला फोड आले.

"कॉलेजात ह्येच शिकवत्यात का?" कुंडलिक ओरडला. "दाब."

"दाबतोय की. मला काय मोटर हाय का?"

तेवढ्यात बांधावरून यशोधरा तरातरा येताना दिसली. नळावर सारजाबाईशी तिचं जोरदार भांडण झालं होतं. सारजाबाईने आईची शपथ घेऊन नाही म्हटलं, आणि यशोधराने तिच्या तोंडावर 'चोर' म्हणून टाकलं. आता सारजाबाईच्या घराची झडती घ्यायला तिला नवरा हवा होता.

"ह्ये कुठं हायेत?"

कुंडलिकने पाण्याकडे हनुवटी केली. अमृतने लगेच पंपाची मूठ तिच्यापुढे धरली. "वैनी, जरा धरा. न्हाईतर त्यांचं काय खरं न्हाई."

यशोधराने पदर खोचला आणि मूठ धरली. दाबता दाबता ती सारजाबाईबद्दल बोलू लागली. "म्हणती कशी, तुजा हंडा तुज्याच घरात बघ." धप्प. "म्हणती, आमाला काय भांडी न्हाईत का." धप्प. पाण्यावर बुडबुडे फुटू लागले. अमृत दाबत होता तेव्हाच्या दुप्पट. कुंडलिकला फार बरं वाटलं, आणि आतून फार भीतीही वाटली.

"तुजा हंडा व्हय?" वरून ठमाबाई म्हणाली. तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे लपवायचंही काही नव्हतं. "आगं, त्यो तर तुज्या नवऱ्याच्या डोस्क्यावर हाय. रोज नळावर बघते मी, हिरवा केला म्हून वळखू यायचा न्हाई व्हय?"

यशोधराने मूठ सोडली.

बुडबुडे आधी बारीक झाले, मग थांबले. दोरीला एक हिसका बसला.

"वैनी, दाबा."

"तुमाला म्हाईत व्हतं?"

दोरीला आणखी एक हिसका बसला, आधीपेक्षा जोराचा.

"माज्या आईच्या हंड्याला ह्या हिरीवर पाणी भरू दिलं नसतं तुमच्या आज्यानं," यशोधरा म्हणाली. "आन आज तुमच्या मोटरीपायी त्यो तळाला घातला व्हय?"

कुंडलिकने मान खाली घातली. खाली घातली तेव्हा त्याला बुडबुडे नसलेलं पाणी दिसलं. "वैनी, म्हणाल तर पाया पडतो. पर पोपट मरंल."

"मरू द्या. माजा हंडा वर काढा."

"हंडा त्याच्या छातीला बांधलाय."

यात मात्र काही करता येण्यासारखं नव्हतं. हंडा वर यायचा तर नवराही वर येणार होता. दोरीला आता हिसक्यामागून हिसके बसू लागले. ओढावं तर मोकळी साखळी पायात अडकायची भीती, न ओढावं तर तो गुदमरायची.

"आईच्या हंड्यासाठी दाबते," यशोधरा म्हणाली. "दुसऱ्या कुनासाठी न्हाई."

आणि तिने दाबलं. समोरच्या टोकाला कुंडलिक मुठीसकट चवड्यांवर उचलला गेला. विहीर उकळल्यासारखी बुडबुडू लागली. हिसके थांबले.

पण राग थकतो. तिची मूठ हळू पडू लागली, डोळ्यांत पाणी आलं, आणि बुडबुडे पुन्हा बारीक झाले. कुंडलिकने टोमॅटो आठवले, पोपटही आठवला, आणि मन घट्ट केलं.

"पोपट म्हणला, घरात नुसताच तर पडलाय हंडा."

"आस्सं म्हणले?" धप्प.

बराच वेळ त्यावर निभलं. मग कुंडलिकने अमृतकडे बघितलं. अमृत म्हणाला, "वैनी, ती काच... ती तुमच्या लग्नाच्या फोटोची हाय."

त्यानंतर कोणाला काही बोलावं लागलं नाही. मोटर साखळीला लागली, दोन हिसके बसले, आणि आधी पोपट विहिरीच्या पायऱ्यांकडे आला. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तो हंड्याच्या आतून ओरडला, "कुंडलिकभाऊ, पंप लई भारी चालला. शेवटी तर वाऱ्यानं डोस्कं उडंल का काय आसं झालं. कोन व्हतं दाबाया?"

मग काचेवरचं पाणी निथळलं. पोपटने समोर पाहिलं, आणि एक एक पायरी मागे सरकत तो पुन्हा पाण्यात गेला.

या वेळी पंपाला कोणी हात लावला नाही. त्याला स्वतःहूनच वर यावं लागलं.

यशोधराने नवऱ्याशी बोलणं सोडलं. हिरवा रंग तिने चिंच आणि वाळूने घासून काढला. बुडाच्या भोकात पोपटने मुकाट्याने बोल्ट आणि वायसर घातला. काच काढली असती तर तिथे भगदाड राहिलं असतं, म्हणून काच राहिली, अक्षरांच्या वरच्या अंगाला. सारजाबाईला चोर म्हटल्याबद्दल यशोधराने माफी मागितली नाही, आणि सारजाबाई नळावर येणाऱ्या प्रत्येकीला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगत राहिली.

एके दिवशी ती यशोधराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली, खास हसायला. स्वयंपाकघरात पाण्याचा हंडा ठेवला होता. काचेतून पाणी दिसत होतं, बरोब्बर अर्ध्यावर. सारजाबाई हसायची थांबली.

"बसल्या जागी कळतं व्हय, किती ऱ्हायलं ते?"

दुसऱ्या दिवशी सारजाबाई आपला हंडा पोपटच्या दुकानात ठेवून गेली. "मला बी बसव खिडकी. हिच्यापरीस मोठी."

पोपट त्यावर खडूने रेघ मारत होता तेव्हा अवसरी खुर्दचा एक माणूस मोटरसायकलवरून आला. त्यांचीही मोटर विहिरीत पडली होती, आणि त्याने पोपटचं नाव ऐकलं होतं.

"न्हाई जमायचं, पावणं," पोपट म्हणाला. "सामान ऱ्हायलं न्हाई."

जेवणाचा डबा घेऊन यशोधरा दारात उभी होती. तिने डबा टेबलावर आपटला. मग तिने खडूची रेघ मारलेल्या हंड्यावर बोट ठेवलं.

"ह्यो घ्या की," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिने नवऱ्याला उद्देशून तोंड उघडलं होतं. "पंपाला मी येते."

"आन सारजाबाईनं इचारलं तर?"

"हिरवा रंग उरलाय न्हवं?"