विंग कमांडरसाहेबांना भेटण्याची रीत

मोठ्या माणसाकडे काम असेल तर त्याच्याकडे सरळ जाऊ नये, आणि गेलेच तर काम सोडून बाकी सगळे बोलावे, यावर समाजाची शिस्त उभी आहे. फौजेतल्या माणसाच्या बाबतीत ही शिस्त अधिक कडक असते. कारण माणूस निवृत्त होऊन घरी येतो, त्याचा हुद्दा निवृत्त होत नाही.

उंब्रजचे महेंद्र पलटणीतून नाईक होऊन घरी आले. त्यांची मुलगी स्वप्ना सरकारी शिष्यवृत्तीवर विमान चालवायला शिकली आणि परवाना घेऊन आली. उंब्रजमध्ये चालवायला विमान नव्हते. (एसटी होती, पण तिचा परवाना वेगळा.) फार दिवस उडवले नाही तर शिकलेला हात जातो आणि मागोमाग परवानाही जातो. साल १९९४. खाजगी विमान कंपन्या नुकत्याच निघाल्या होत्या. त्यांतल्या एकीसाठी नवे वैमानिक सुचवायचे काम विंग कमांडर जयराज यांच्याकडे होते. हवाई दल सोडून ते तासगावला द्राक्षे पिकवत होते. नावांची यादी दिवाळीआधी मुंबईला जाणार होती.

"आबा, मीच फोन करते त्यांना," स्वप्ना म्हणाली.

महेंद्रांनी बशी खाली ठेवली. "येडी का काय तू? नाईकाची पोरगी विंग कमांडरला फोन करती व्हय? चॅनेलनं जायाचं, पायरी पायरीनं."

चॅनेल ही फार विचारपूर्वक केलेली सोय आहे. तिच्यात ज्याला काम माहीत असते तो बोलत नाही, आणि जो बोलतो त्याला काम माहीत नसते.

पहिले हवालदार धुळा. ते शिरवळच्या एका कारखान्यात वॉचमन होते. पहिल्या भेटीत काम सांगणे हलकेपणाचे, म्हणून सांगितले नाही. दुसऱ्या भेटीत सांगितले. तिसऱ्या भेटीत त्यांनी ते पुन्हा विचारून घेतले आणि सुभेदार नाथाजींकडे पाठवले. नाथाजींनी सांगलीच्या ऑनररी कॅप्टन लालासाहेबांकडे. प्रत्येकाची लढाई ऐकावी लागली. एकूण ऐकलेल्या लढाया सात, त्यांपैकी देशाने लढलेल्या तीन.

प्रत्येकाने महेंद्रांना पलटणही विचारली. फौजेत जात विचारत नाहीत. पलटण सांगितली की पुरते. (यालाच राष्ट्रीय एकात्मता म्हणतात.) पलटणीचे नाव ऐकून सुभेदार "बरं, बरं" म्हणाले आणि आत जाऊन आले. मग चहा आला. सोबत आलेल्या धुळांना कपबशी, बापलेकीला स्टीलचे पेले. पेल्यात चहा जास्त मावतो, हे इथे नमूद केले पाहिजे.

शेवटी दिवाळी तोंडावर आली असताना सगळे चॅनेल एका जीपमधून तासगावला निघाले. कोटावर पदके, हातात श्रीफळ. स्वप्नाच्या काखेत फाइल.

विंग कमांडर हाफ पँटमध्ये फवारणीच्या पंपाखाली आडवे पडले होते. लालासाहेबांनी टाच आपटली तेव्हा ते बाहेर आले. मग बोलणे झाले. द्राक्षावरची भुरी, औषधाची मात्रा, पुन्हा भुरी. एकाहत्तरची लढाई थोडक्यात झाली, म्हणजे चहा निवेपर्यंत. कामाचा शब्द कोणीही काढला नाही. आदर सांभाळण्यात सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांत याहून चांगली बैठक झाली नसेल.

"बरं साहेब, येतो. नुसतं दर्शनाला आल्तो," लालासाहेब उठले. महेंद्रांनी सलाम ठोकला. सलाम ठोकताना त्यांची नजर फाइलकडे गेली. पण सावधान उभ्या माणसाने बोलायचे नसते.

"साहेब, मी दर्शनाला नाही आले," स्वप्ना म्हणाली. "मला विमान चालवायचंय. दोनशे तास झालेत."

नाथाजींनी खोकून पाहिले.

"रात्रीचं उतरवलंयस?" विंग कमांडरांनी विचारले.

"उतरवलंय."

"यादी उद्या जातीय. कागद आणलेत? मग मघापासून आपण भुरीवर काय बोलत होतो? फोन करायचा सरळ."

स्वप्नाने वडिलांकडे पाहिले. ते अजून सावधानच होते.

परतताना लालासाहेब म्हणाले, "हुशार हाय पोरगी. पर शिस्त मोडली गड्या तिनं."

"व्हय साहेब, मोडली," महेंद्र म्हणाले आणि तोंड दिसू नये म्हणून सांगली येईपर्यंत बाहेर बघत बसले.

परीक्षा, मुलाखत तिची तिने दिली आणि ती नोकरीला लागली. तिच्या विमानात एकोणीस जागा आहेत. तिला आपण चिकटवले असे सांगणारी माणसे सातारा-सांगलीत इतकी झाली की एका फेरीत मावणार नाहीत. सत्कारात भाषणे चार झाली. सत्कारमूर्तींचे वेळेअभावी राहिले.

आता पायलट व्हायची हौस असलेली पोरे उंब्रजला येतात. महेंद्र दारातच बसलेले असतात.

"कुणाकडनं आलास रं?"

"कुणाकडनं न्हाई जी. सरळच आलोय."

"मग आदी हवालदार धुळांना भेटून ये."

स्वप्नाला हे पटत नाही. ती म्हणते, ज्याला विचारायचे त्याने मला सरळ फोन करावा, आमचा नंबर डिरेक्टरीत आहे. डिरेक्टरीत शोधायला आडनाव लागते, आणि महेंद्रांचे ते या गोष्टीत कुठेच आलेले नाही. तसे लालासाहेबांचे आणि विंग कमांडरांचेही आलेले नाही. पण त्यांच्या आडनावांवाचून, वाचकहो, तुमचे काही अडले नव्हते.