लाल साटीनचा पडदा

"मशीनवरचं लाल कापड कुठंय?" रंगनाथनं विचारलं. दाढी अर्धी झाली होती आणि उरलेल्या गालावर साबण वाळत होता.

राजेश्री पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "केलं की त्याचं. बारा पोरींचे केसाचे रबर आन् बारा कमरपट्टे. अपेक्षा घेऊन गेली शाळेत. पहाटेपासून तेच करायलेय मी."

रंगनाथ दाराच्या चौकटीला टेकला. "समदं कापलं?"

"समदं कसं, हाय की एक चिंधी."

"राजे, तो पडदा होता."

चूक नेमकी कुणाची हे ठरवणं अवघड होतं. आदल्या संध्याकाळी त्यांच्या लेकीनं, अपेक्षानं, सांगितलं होतं की शाळेतल्या नाचाला लाल साटीनचे रबर आणि पट्टे पाहिजेत. पंधरा मिनिटांनी रंगनाथ शाळेतून आला, मशीनवर दोन मीटर लाल साटीन ठेवलं, "याचं तेवढं बघ, सकाळी पायजे," म्हणाला आणि पुन्हा बाहेर पडला. राजेश्री शेजारच्या गावातल्या उपकेंद्रात नर्स होती. दिवसभर लसीकरण करून आलेली. नवऱ्यानं लेकीसाठी न सांगता कापड आणलं, याचंच तिला कौतुक वाटलं होतं.

पण ते कापड कोनशिलेचं होतं. रंगनाथ जिथं शिक्षक होता आणि अपेक्षा शिकत होती, त्या बोरीच्या शाळेत त्या दिवशी वाचनालयाचं उद्घाटन होतं. परभणीच्या निवृत्त प्राचार्या निवेदिताताईंनी आपल्या आईची दोन कपाटं पुस्तकं शाळेला दिली होती, आणि कोनशिलेवर त्या आईचं नाव होतं. अकरा वाजता ताई स्वतःच्या हातानं पडदा काढणार होत्या.

"बाजारातून आणा दुसरं," राजेश्री म्हणाली.

"दुकानं साडेदहाशिवाय उघडत न्हाईत. आता साडेनऊ व्हायलेत."

तेवढ्यात फोन वाजला. मुख्याध्यापक गोविंदराव सरांचा होता. रंगनाथनं तो कानापासून चार बोटं लांब धरला, त्यामुळे राजेश्रीलाही सगळं ऐकू आलं. "रंगनाथ, पाहुण्या निघाल्यात. पडदा घेऊन या. आन् गेल्या सालासारखं न्हाई झालं पायजे. पाहुण्यांच्या डोक्यावर पडला होता, ध्यानात हाय ना?"

"हाय सर. पडद्याचंच चाललंय."

फोन ठेवल्यावर घरात तव्यावरच्या पोळीचा वास राहिला. राजेश्रीनं गॅस बंद केला, आतल्या खोलीत गेली, आणि पलंगावर काढून ठेवलेल्या साडीशेजारी थांबली. कार्यक्रमाला नेसायची साडी. तिच्याखाली परकर. लाल साटीनचा, मोठ्या घेराचा, खाली झालर लावलेला. तिनं स्वतःच शिवलेला, दोनदाच घातलेला.

ती परकर घेऊन बाहेर आली.

"न्हाई," रंगनाथ म्हणाला.

"बाजूची शिवण उसवली की सपाट होतो."

"अगं, कोनशिलेवर त्यांच्या आईचं नाव हाय."

"मंग तुमची लुंगी लावू का? ती निळी हाय."

रंगनाथ उरलेली दाढी करायला वळला. राजेश्रीनं ब्लेडनं शिवण उसवली, कडा दुमडून मशीन मारली आणि वर इस्त्री फिरवली. वरचा नेफा आणि त्यातला नाडा तसाच ठेवला. तिनं रंगनाथला समजावलं, "दोन खिळ्यांना नाडा बांधायचा. डावीकडं पक्की गाठ, उजवीकडं सरकगाठ. पाहुण्यांनी मोकळं टोक ओढलं की गाठ सुटंल, पडदा खाली. तुमी खाली हात धरून हुबं ऱ्हायचं. डोक्यावर पडला न्हाई पायजे." मग तिनं घाईनं दुसरा, सुती परकर घालून साडी नेसली.

सव्वादहाला पडदा भिंतीवर चढला. गोविंदराव सर कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढं उभे राहिले. शेजारून बारा मुली केसांत लाल रबर लावून गेल्या. सरांनी मुलींकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं.

"आपण आणलेलं कापड मुलींच्या रबरांसारखं होतं. हे जरा गडद वाटायलंय."

"इस्त्रीनं रंग खुलतो सर," राजेश्री म्हणाली.

"आन् झालर?"

"ती मी माझ्याकडची लावली. शोभेसाठी."

"शोभायलीय," सर म्हणाले. पुढं रंगनाथ पाहुण्यांना आणायला फाटकाकडं गेला. तो गेल्यावर सरांना मागच्या वर्षीचा पडदा आठवला. ही उजवीकडची गाठ त्यांना फारच सैल वाटली. त्यांनी कुणाला न सांगता तिच्यावर आणखी एक मारली.

निवेदिताताई सत्तरीच्या, बारीक अंगाच्या, सुती साडीतल्या. कोनशिलेपुढं त्या क्षणभर हात जोडून उभ्या राहिल्या. राजेश्रीला वाटलं, आत्ताच्या आत्ता आपल्याला उपकेंद्रातून कुणीतरी बोलवावं. शाळेत खिचडी करणाऱ्या कस्तुराबाई तिच्या शेजारी होत्या. त्या पडदा वरपासून खालपर्यंत निरखत होत्या.

"राजेश्री, ह्यो नेफा हाय की गं," त्या हळूच म्हणाल्या.

"मावशी, गप ऱ्हावा."

"आन् त्यात नाडा."

"मावशी, पाया पडते."

ताईंनी मोकळं टोक धरून ओढलं. पडदा हलला नाही. त्यांनी पुन्हा ओढलं. गाठ आणखी आवळली. टाळ्यांसाठी वर गेलेले हात तसेच राहिले. रंगनाथ दोन्ही हात पसरून पडद्याखाली उभा होता, लग्नात अक्षता झेलायला उभं राहावं तसा. त्याच्या कपाळावरून घाम ओघळला, पण हात खाली घ्यायचं त्याला धाडस होईना.

"कात्री आणा," सर म्हणाले.

"कापू नका," ताई म्हणाल्या. "चांगलं कापड आहे."

त्या पुढं झाल्या. गाठ त्यांनी दोन बोटांत धरली, चष्मा वर केला आणि जवळून पाहिली. त्यांची नजर गाठीवरून नाड्यावर गेली, नाड्यावरून नेफ्यावर, नेफ्यावरून झालरीवर. मग ती शांतपणे बायकांच्या रांगेवरून फिरली आणि राजेश्रीच्या चेहऱ्यावर थांबली. राजेश्रीच्या चेहऱ्यावर सगळंच लिहिलेलं होतं.

ताईंनी अंबाड्यातली पिन काढली, गाठीच्या मधोमध घातली, दोनदा हलवली. आयुष्यभर अशा गाठी सोडवलेल्या हातांना काय अवघड. नाडा सुटला, पडदा रंगनाथच्या हातांत आला, आणि ताईंच्या आईचं, अंबिकाबाईंचं, नाव सगळ्यांना दिसलं. टाळ्या झाल्या. राजेश्रीचे डोळे भरून आले. ते भीतीनं की सुटकेनं, हे तिलाही कळलं नाही.

संकट संपलं असं वाटत असतानाच गोविंदराव सर माइकपाशी गेले. या ऐतिहासिक क्षणाची आठवण म्हणून हाच पडदा पाहुण्यांना अर्पण करावा, असं त्यांना आयत्या वेळी सुचलं होतं. रंगनाथनं "सर, सर" म्हणेपर्यंत त्यांनी परकराची नीट चौकोनी घडी घातली, वर शाल ठेवली, शालीवर नारळ, आणि सगळं ताईंच्या हाती दिलं. ताईंनी वाकून नमस्कार करून ते घेतलं. कस्तुराबाई पदर तोंडात धरून खिचडीकडं गेल्या.

आठ-दहा दिवसांनी राजेश्रीच्या नावानं परभणीहून पार्सल आलं. आत परकर होता. धुतलेला, इस्त्री केलेला, बाजूची शिवण हातानं परत घातलेली. टाके इतके बारीक की मशीनला जमले नसते. सोबत चिठ्ठी होती.

"आई गावातल्या बायकांचे कपडे शिवायची. त्यातूनच तिनं पुस्तकं घेतली. तिच्या नावावर तुमच्या हातची शिवण होती, हे मला आवडलं. ओढाताणीत नाडा विरला होता, नवा घातला आहे."

राजेश्रीनं चिठ्ठी दोनदा वाचली आणि कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ड्युटीवर निघाली असताना रंगनाथ फोनवर हात ठेवून बाहेर आला. "सर विचारायलेत, पाहुण्यांनी पडदा कुठं ठेवला, काही कळलं का? अहवालात लिहायचंय त्यांना."

राजेश्रीनं साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि चपला पायात सरकवल्या.

"सांगा," ती म्हणाली, "वापरात हाय."