पाणघोड्याचं सुतक

गोविंदगुरुजी एकदा माझ्याकडे टीव्हीवर कार्टून पाहत होते. ते संपल्यावर उठले आणि थेट आंघोळीला गेले.

"गुरुजी, काय झालं?" मी विचारलं.

"मास्तर, समोर जीव गेला. नुसते हातपाय धुऊन कसं भागेल?"

गेला होता तो एक पाणघोडा. गुरुजी त्याला रेडा म्हणत. हिंदीत बोलणारा हा प्राणी आगीच्या बंबावर नोकरीला होता आणि रोज स्वतःच आग लावून घ्यायचा. त्या दिवशी शिडीवरून पडला, दरीत गेला, पाठीला पंख फुटले आणि ढगात दिसेनासा झाला. गुरुजींच्या दृष्टीने विषय संपला होता.

गुरुजी पंचवटीत आमच्या गल्लीतच राहायचे. रामकुंडावर लोकांचे दहावे-बारावे करणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. माझ्या पत्नीचं सगळं त्यांनीच केलं. तिच्या आजारपणात तिला करमावं म्हणून मी केबल घेतली होती. ती गेली, केबल राहिली. संध्याकाळी घाटावरून परतताना गुरुजी डोकवायचे, चहा घ्यायचे आणि लागलेलं असेल ते पाहायचे. कार्टूनच जास्त. बातम्यांत फार माणसं मरतात म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी तोच पाणघोडा मजेत पाव खात बसलेला. गुरुजींचा कप हातातच राहिला.

"मास्तर, हे बसेना."

'हे बसेना' हा त्यांचा शब्द. शास्त्रात जागा सापडली नाही की म्हणायचे.

"प्रत्येक भाग वेगळा असतो, गुरुजी. कालचं आज धरायचं नसतं."

"कालचं धरायचं नाही, तर आम्ही जगायचं कशावर? आणि गेलेला परत आला तर त्यालाही विधी आहे. पुन्हा जातकर्म, पुन्हा बारसं. याचं कोणी केलं?"

मी शाळेत मराठी शिकवण्यात जन्म घालवला. जातकर्म अभ्यासक्रमात नव्हतं. मीही गोंधळलो आणि आम्ही दोघं पुढचा भाग पाहू लागलो. त्यात पाणघोडा पुन्हा मेला.

हा सगळा खल नुसता गमतीचा नव्हता, हे मला ठाऊक होतं. गुरुजींचा धाकटा भाऊ माधव लासलगावच्या कांदा मार्केटला जाऊन येतो म्हणून निघाला होता. तो तिथे पोचला नाही आणि घरीही आला नाही. माणसाचा बारा वर्षं पत्ता लागला नाही, तर पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत आहे. दुसऱ्यांसाठी गुरुजींनी असे पुतळे अनेकदा बांधले होते. माधवची बारा वर्षं त्या वर्षी भरली होती.

माधवची बायको सुमन त्यांच्याकडेच राहायची. एका संध्याकाळी ती गुरुजींना शोधत माझ्या दारात आली आणि उभ्याउभ्याच बोलली.

"भावजी, दिवस ठरवा आता. सणाला कुणी हळदीकुंकू लावायला आलं की मी त्यांचं तोंड बघते, त्या माझं बघतात. मी कोण आहे ते तरी कळू दे मला."

"पळसाची पानं चांगली मिळेनात गं."

"मागच्या महिन्यातही मिळत नव्हती. नाशकात काय दुष्काळ पडलाय पळसाचा?"

ती गेली. टीव्हीवर पाणघोडा रोडरोलरखाली सपाट होऊन पुन्हा फुगला. गुरुजींनी कप खाली ठेवला.

"मास्तर, बसलं."

"काय बसलं?"

"हा परत का येतो ते. याचा दहावा कोणी घालत नाही. घरच्यांनी वाट मोकळी ठेवली आहे. आपण करून मोकळे झालो, की मग तो यायचा कुठून?"

बोलून झाल्यावर त्यांचं लक्ष भिंतीवरच्या फोटोकडे गेलं, माझ्या पत्नीच्या. तिचा दहावा त्यांनीच घातला होता. ते उठले, माझा आणि स्वतःचा कप विसळून पालथा घातला आणि निघून गेले.

चार दिवस आले नाहीत. पाचव्या दिवशी निरोप आला: उद्या सकाळी घाटावर या.

मी गेलो. पळसाच्या पानांचा माधव तयार होता. गुरुजींनी तो इतका नेटका बांधला होता, की मला खांदे ओळखू आले. विधी सांगायला दुसरे गुरुजी होते. गोविंदगुरुजी पहिल्यांदाच समोरच्या, विधी करणाऱ्याच्या पाटावर बसले होते. सुमन मागे पायरीवर होती.

संकल्प सुरू झाला. गोविंदगुरुजींनी गोत्र म्हटलं, माधवचं नाव म्हटलं. नावापुढे 'प्रेत' हा शब्द लावायचा असतो. तिथे ते थांबले. सांगणाऱ्या गुरुजींनी शब्द पुन्हा सांगितला. मग आणखी एकदा. गुरुजी त्यांच्याकडे असे पाहत राहिले, जणू भाषाच परकी आहे. आजूबाजूचे दोघं-तिघं वळून बघू लागले.

सुमन उठून त्यांच्याजवळ आली आणि खाली वाकली.

"भावजी, त्यांना मोठ्यानं हाक मारलेली आवडायची नाही. हळूच म्हणा."

गुरुजींनी मान हलवली. त्यांचे ओठ हलले. मी अगदी शेजारी बसलो होतो, पण मला काही ऐकू आलं नाही.