रेडिओ गप्प बसला तेव्हा

घरात तिला सगळे रेडिओ म्हणत, आणि डॉक्टर झाल्यावरही त्यात काही फरक पडला नव्हता. मानसोपचाराचं पुढचं शिक्षण घेताना मात्र हाच रेडिओ आडवा आला. पेशंटने "झोप लागत नाही" एवढं म्हणायचा अवकाश, की ही लगेच उशी कशी असावी इथपासून सुरू व्हायची. शेवटी विभागप्रमुख सरांनी सगळ्यांसमोर झापलं, की प्रश्न विचारायचा आणि तोंडाला कुलूप लावायचं. शुक्रवारी ते तिची परीक्षा घेणार होते. पेशंटला मध्येच तोडलं, तर अख्खी सहामाही पुन्हा पहिल्यापासून.

रेडिओने घरीच सराव सुरू केला. मान किंचित तिरकी, नजर मायेची आणि तोंडातून फक्त "हं".

आईने विचारलं, भाजी कशी झालीये. "हं." आई डाव खाली ठेवून म्हणाली, "बरं बाई, कालचीच आहे. गरम केलीये फक्त." बाबांनी विचारलं, अशी काय बघतेस. उत्तर येईना, तेव्हा गाडीला चरा पार्किंगमध्ये कुणी पाडला नसून आपणच पाडल्याचं त्यांनी आपणहून सांगून टाकलं. आईने ते ऐकलं. मग जे पेटलं, त्यात धाकटीने आपल्याकडे नजर वळायच्या आधीच गणितात नापास झाल्याचं कबूल केलं.

सगळे एकमेकांवर ओरडत होते आणि रेडिओ मधोमध बसून समजूतदारपणे मान हलवत होती. ते बघून आई चपापली. जी पोरगी झोपेतही बडबडते, ती भांडणातसुद्धा गप्प? बाबांनी तडक सरांना फोन लावला. "सर, तुम्ही रागावल्यापासून पोरीची वाचाच गेलीये हो."

सरांनी घाईघाईने फोन ठेवला. शिकाऊ डॉक्टरांना मोकळं वाटेल असं वातावरण ठेवा, म्हणून कॉलेजने त्यांना नुकतंच बजावलं होतं. त्यांनी तिला गुरुवारीच केबिनमध्ये बोलावलं, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि हळू आवाजात विचारलं, "काय होतंय तुला?"

रेडिओने ओळखलं. परीक्षा एक दिवस आधीच घेतायत, पेशंटही स्वतःच झालेत. तिने मान तिरकी केली.

सरही मुरलेले. तेही गप्प बसले. पंखा फिरत राहिला. रेडिओच्या जिभेवर शब्दांची धक्काबुक्की चालली होती, पण तिने दात घट्ट आवळले. शेवटी सरच खुर्चीत हलले.

"त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो."

"हं."

"घरीसुद्धा बोलतोच म्हणा. बायको हल्ली कानात बोळे घालते."

"हं."

मग पुढच्या वर्षीची निवृत्ती निघाली, आणि तेव्हा आपलं ऐकणार कोण, हा घोर निघाला. ग्लासातलं पाणी सरांनीच पिऊन टाकलं. चष्मा काढून पुसला. जरा मोकळे दिसत होते.

आता उद्या परीक्षेला यायचं का, हे विचारायला तिने तोंड उघडलंच होतं. सरांनी हात वर केला.

"परीक्षा झाली. पास." त्यांनी डायरी ओढून पुढचं पान काढलं. "पुढच्या गुरुवारी मला हीच वेळ देशील का?"