बाथरूममधलं कौतुक

माणसाने आनंदी व्हायचं ठरवू नये. आपोआप झालं तर ठीक, नाहीतर आहे त्यात भागवावं. मी ठरवलं, आणि त्याचा परिणाम म्हणजे आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या चारित्र्याची चौकशी सुरू झाली. (माझं चारित्र्य चौकशी करण्याइतकं इंटरेस्टिंग कधीच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.)

त्याचं असं झालं. लेकीला मुलगा झाला आणि ही तिच्याकडे गेली. "महिनाभरात येते," म्हणाली. महिना झाला. मग बाळाच्या पोटात दुखायला लागलं. ते थांबलं तर लेकीची कंबर धरली. कंबर सुटली तर जावयाची बदली होणार असं निघालं. ती काही झाली नाही, पण होणार होणार म्हणत आणखी पंधरवडा गेला. रोज संध्याकाळी हिचा फोन यायचा, "कसं चाललंय?" आणि मी सांगायचो, "सर्व सुरळीत."

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसवर कारकून आहे. रोज संध्याकाळी मुख्य ऑफिसला फोन करून रिपोर्ट द्यायचा आणि त्यात दोनच शब्द बोलायचे, 'सर्व सुरळीत'. पंप बंद पडलेला असो, नाहीतर पाइप फुटून माझ्या टेबलाखालून ओढा वाहत असो, सर्व सुरळीत. कारण याखेरीज तिसरा शब्द तोंडातून गेला की साहेब जीपमध्ये बसून स्वतः येतात, आणि साहेब आले की काहीच सुरळीत राहत नाही. एवढ्या वर्षांत जिभेला हेच वळण पडलं. जेवलात का? सर्व सुरळीत. झोप लागते का? सर्व सुरळीत. मग हीही निर्धास्त होऊन आणखी आठवडाभर थांबायची.

खरी गोष्ट अशी होती की मला घर खायला उठत होतं. कुलूप काढून आत शिरलो की चपला काढल्याचासुद्धा केवढातरी आवाज व्हायचा. टीव्ही लावला तर त्यातली माणसं एकमेकांशी बोलायची, माझ्याशी कोणी नाही. जेवायला बसताना हात सवयीने दोन ताटल्या काढायचा. दुसरी परत फडताळात ठेवणं जिवावर यायचं, म्हणून ती तशीच समोर राहायची. हिला फोनवर नुसतं 'ये' म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण नातवाला सांभाळायला गेलेल्या बाईला 'ये' म्हणायचं कोणत्या तोंडाने? शिवाय मला सवय नव्हती. ही कायम घरातच असायची. 'ये' म्हणायची वेळच कधी आली नव्हती.

अशातच ऑफिसने आमच्यासाठी 'आनंदी कर्मचारी' नावाची कार्यशाळा ठेवली. (दुःखी कर्मचाऱ्यांना सक्तीने बसवलं होतं.) शिकवायला एक प्रशिक्षक बाई आल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू सकाळी जे लागलं ते दुपारच्या जेवणातसुद्धा उतरलं नाही. "सवयी लावा," त्या म्हणाल्या, "आनंद आपोआप मागे येईल." चाला, झाडांना पाणी घाला, सावकाश श्वास घ्या वगैरे झाल्यावर त्यांनी एकदम माझ्याकडेच बोट केलं.

"तुम्ही! बायकोचं शेवटचं कौतुक कधी केलंत?"

शेजारचा पंप ऑपरेटर घाईघाईने छताकडे बघायला लागला. मी खूप आठवून पाहिलं. एकदा मी 'भाजी फर्स्टक्लास झालीये' असं म्हटलं होतं खरं. पण ती भाजी शेजारून आली होती, आणि त्यावरून पुढे आठवडाभर अबोला झाला होता.

"रोज सकाळी आपल्या माणसाचं एक तरी कौतुक करायचं. मोठ्याने!" असं बजावून बाईंनी मला खाली बसवलं.

मी मनावर घेतलं. पण फोनवर एकदम कौतुक केलं तर हिला वाटणार, ह्यांना काहीतरी झालं. म्हणून आधी सराव करावा असं ठरवलं. सरावाला जागा कुठली? आरसा असलेली. म्हणजे बाथरूम.

पहिल्या दिवशी दाढीचा फेस लावून आरशासमोर उभा राहिलो, घसा खाकरला आणि म्हणालो, "तू... तू फार वक्तशीर आहेस."

फेसातून माझंच तोंड माझ्याकडे असं काही बघत होतं की मला हसू फुटलं. मी खो खो हसलो. कित्येक दिवसांत हसलो नव्हतो, त्यामुळे हसू थांबेचना. दुसऱ्या दिवशी जरा सुधारणा झाली. "तुझ्या हाताला चव आहे गं." तिसऱ्या दिवशी, "ती निळी साडी तुला शोभते." मग हळूहळू धीर चेपला. मी म्हणायचो, लाजायचो, हसायचो आणि पुन्हा म्हणायचो. एक वाक्य मात्र पुरं होत नव्हतं. "तू घरात नसलीस की..." इथपर्यंत आलो की मी नळ सोडायचो आणि तोंड धुवायचो.

आता आमच्या बाथरूमच्या खिडकीबाहेर पाइपांचा डक्ट आहे. तळमजल्यावर कोणी शिंकलं की चौथ्या मजल्यावरचा माणूस नाक पुसतो, इतका तो आवाज पोचवतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण डक्टमधून नेहमी दुसऱ्यांचे आवाज येतात, आपला जातो हे कधी कोणाच्या लक्षात आलंय?

एका सकाळी दारावर टकटक झाली. आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर एक रिटायर्ड मुख्याध्यापिका एकट्याच राहतात. सगळी बिल्डिंग त्यांना 'वरच्या बाई' म्हणते आणि वचकून असते. त्या दारात उभ्या होत्या.

"पाहुणे आलेत का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो."

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत नजर टाकली. टेबलावर नाश्त्याच्या दोन ताटल्या होत्या.

"दोन ताटल्या?"

"एक रिकामी आहे."

"रिकामी आहे ते दिसतंय मला. कोणाची?"

"हिची."

"त्या तर लेकीकडे आहेत."

"हो."

"अस्सं," असं म्हणून बाई गेल्या. हा 'अस्सं' शाळेत ज्यांनी ऐकला असेल त्यांना दुसऱ्या दिवशी पालकांना घेऊन यावं लागलं असणार.

त्यानंतर बिल्डिंगमधली हवा बदलली. मी लिफ्टमध्ये शिरलो की बोलणं बंद व्हायचं. ज्या वॉचमनने मला आजवर धड ओळखसुद्धा दिली नव्हती, तो डोळे मिचकावून म्हणाला, "मजा आहे साहेब!" सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात गाठून 'पाहुणे फार दिवस राहणार असतील तर कळवा' असं सुचवलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी घरात बाई आणून ठेवली आहे, असा लोकांचा समज झाला होता!

प्रामाणिकपणे सांगतो, मला रागबिग काही आला नाही. मी घरी गेलो आणि भांग नीट पाडला.

दुसऱ्याच दिवशी हिचा फोन आला. तोही संध्याकाळचा नाही, भर सकाळी.

"घरात कोण आहे?"

जीभ सवयीने 'सर्व सु'पर्यंत पोचली होती. मी ती दाताखाली धरली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं, की सर्व सुरळीत नाही असं कळलं की वरून कोणीतरी *येतं*.

"का गं?" मी विचारलं.

"वरच्या बाईंचा फोन आला होता. रोज सकाळी हसण्याचे आवाज येतात म्हणे. आणि कौतुकाचे."

"असं म्हणाल्या?"

"मी विचारतेय, घरात कोण आहे?"

"तसं... कोणी नाही."

त्या 'तसं'मध्ये मी माझं असेल नसेल तेवढं नाट्यकौशल्य ओतलं. पलीकडे बाळ रडत होतं. त्याला थोपटत ही म्हणाली, "उद्या येते."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात चक्क नाचलो. बायकोला मत्सर वाटला! माझ्यावरून! पण दुपारनंतर पाचावर धारण बसली. ती येऊन घर धुंडाळणार, रडणार, भांडणार. मी काय दाखवणार? दुसऱ्या दिवशी सकाळीच इस्त्रीचा शर्ट घातला, थोडं अत्तर लावलं. गुन्हेगार निदान टापटीप तरी दिसावा.

ही आली. बॅग दारात ठेवली. आधी कुंड्या बघितल्या, मग ओटा, मग सिंक. मग माझ्याजवळ येऊन कपाळाला हात लावला.

"ताप नाही," ती म्हणाली.

"शोध," मी छाती पुढे काढून म्हणालो, "सगळं घर शोध."

"काय शोधू?"

"ती... बाई."

ही माझ्याकडे बघत राहिली. मग खुर्चीत बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अहो, तुमच्याकडे कोण येणार? तो ओटा बघितलात का? एखादी चुकून आली असती तर भांडी बघूनच पळाली असती."

माझ्या अत्तराचा वाससुद्धा खाली बसला. "मग तू आलीस कशाला?"

"बाईंनी फोन खिडकीला धरला होता. त्यांना वाटलं, तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय. तुमचा आवाज मी ओळखणार नाही? 'घरात कोण आहे' हे नुसतं तुमच्या तोंडून काढायला विचारलं." ती बॅगेच्या चेनशी चाळा करत होती. "निळ्या साडीचं ऐकलं. मग 'तू घरात नसलीस की' एवढंच ऐकू आलं आणि तुम्ही नळ सोडलात. पुढचं ऐकायला आलेय. बोला."

बोला म्हणजे काय! समोर प्रत्यक्ष बायको, दिवसाढवळ्या, आणि मी इस्त्रीच्या शर्टात.

"तू... वक्तशीर..." मी म्हणालो.

"बरं, जा आत," ती समजुतीने म्हणाली. "दार लावा. मी बाहेर उभी राहते."

मी बाथरूममध्ये गेलो आणि कडी लावली. बराच वेळ नुसता आरशात बघत उभा राहिलो. मग बोलायला लागलो, आणि एकदा लागल्यावर थांबलो नाही.

"तू घरात नसलीस की मी सकाळी निघताना दिवा चालू ठेवतो, परत आल्यावर घरात कोणी आहे असं वाटावं म्हणून. तुझी उशी मी हलवलेली नाही. फोनवर सगळं ठीक सांगतो, ते खोटं आहे. जेवणसुद्धा धड होत नाही, ब्रेड खातो. त्या बाळाचा मला राग येतो. एवढंसं पोर, माझा नातू, आणि मला वाटतं याने माझं माणूस पळवलं. लाज वाटते मला. तू रागावतेस, पंख्यावरून भांडतेस, ते सगळं चालेल. मला करमत नाही गं तुझ्याशिवाय. अजिबात करमत नाही."

डोळे पुसले, कडी काढली, दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. हिच्या चपलाही नव्हत्या.

"त्या दूध आणायला गेल्या," मागून बाथरूमच्या खिडकीतून आवाज आला. वरच्या बाई! "मघाशीच गॅलरीतून पाहिलं, पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडल्या."

मी परत आत जाऊन खिडकीखाली उभा राहिलो. "तुम्ही... सगळं ऐकलंत?"

"कान आहेत मला. चांगलं बोललात. पण करमत नाही, हे वाक्य शेवटी घेतलंत. मुद्दा आधी मांडायचा असतो. शेवटी ठेवला की तोवर ऐकणारा उठून गेलेला असतो."

"हो बाई," मी म्हणालो.

मग बाई अगदी निराळ्या आवाजात म्हणाल्या, "रोज सकाळी मी खिडकीशी येऊन थांबायचे. माझ्या घरात असं कोणी बोलून फार वर्षं झाली. ते माझ्यासाठी नव्हतं, ठाऊक आहे मला. तरी बरं वाटायचं." आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

इतक्यात लॅच वाजलं. मी धावत दाराशी गेलो आणि बाईंनी सांगितलं होतं तसं, मुद्दा आधी मांडला.

"मला तुझ्याशिवाय करमत नाही!"

"कळलं. आधी ही पिशवी धरा, हात तुटला माझा," ही म्हणाली. चपला काढता काढता तिने माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. "आत काही बोललात का? बराच वेळ आवाज नाही, म्हटलं तुम्ही दुसऱ्याच कामाला बसलात."

"बोललो थोडंसं."

"हं." ती दूध तापायला ठेवायला गेली आणि आतूनच म्हणाली, "परवा मला परत जायचंय. रजा टाका, तुमचीही बॅग भरते."

"मी?" मला एकदम भरून आलं. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. "बाळाला सांभाळायला माझी मदत होईल म्हणतेस?"

"मदत कसली! तुम्ही दोघं एका छपराखाली असलात की मला दोघांकडे लक्ष ठेवता येईल," ही गॅस बारीक करत म्हणाली. "दोघांनाही काय होतंय ते सांगता येत नाही. बाळ निदान वेळेवर रडतं तरी."